छोट्या ऑफिसचं नेटवर्क हळू चालतंय? कनेक्शन बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

आठ-दहा कॉम्प्युटरचं ऑफिस. एका मशिनवर टॅलीचा डेटा, बाकीचे सगळे तिथूनच तो उघडतात. एक प्रिंटर, दोन-तीन कॅमेरे, भिंतीला ठोकलेला राउटर. दुपारनंतर सगळं रेंगाळायला लागतं आणि कोणीतरी म्हणतं, "सर, नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घ्या." प्लॅन १०० चा ३०० एमबीपीएसचा होतो, महिन्याचं बिल वाढतं आणि टॅली होती तिथेच राहते.

राहणारच, कारण टॅलीचा डेटा इंटरनेटवरून जातच नाही. तो ऑफिसातल्याच वायरने या टेबलावरून त्या टेबलावर जातो. ती वायर किंवा मधला स्विच (अनेक मशिनच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) अडत असेल, तर बाहेरून कितीही मोठी लाइन आणली तरी फरक पडत नाही.

पुण्यातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसचं नेटवर्क मी सांभाळतो. ओळखीतल्या आणखी काही ऑफिसांतही मला बोलावतात. बहुतेक ठिकाणी दोष ऑफिसच्या आतच सापडला आणि दुरुस्तीचा खर्च नव्या प्लॅनच्या मानाने किरकोळ निघाला. दोन नियम मात्र पाळा. मोजल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

हाताशी काय लागेल

- लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायची जागा) असलेला लॅपटॉप. पोर्ट नसेल तर यूएसबी ३.० चा गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, अडॅप्टर.
- कारखान्यातून तयार आलेली दोन-तीन मीटरची कॅट ६ पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली नेटवर्कची वायर. हाताने क्रिम्प केलेली नको, कारण हिच्याशी तुलना करून बाकीच्या वायरी तपासायच्या आहेत.
- दोन भागांचा, दिवे लागणारा साधा लॅन टेस्टर.
- क्रिम्पिंग टूल आणि थोडे आरजे ४५ कनेक्टर.
- राउटरचा लॉगिन पासवर्ड. बसवणाऱ्या माणसाकडेच असेल तर आजच मागून घ्या.
- इंटरनेटचं बिल, म्हणजे ग्राहक क्रमांक आणि कबूल केलेला वेग दोन्ही समोर असतील.
- मार्कर, कागदी चिकटपट्टी आणि एक वही.

हे सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. गावात कॅमेरे बसवणाऱ्याकडे टेस्टर आणि क्रिम्पिंग टूल असतंच, तपासणीपुरतं उसनं घेतलं तरी चालेल.

१. तक्रार नेमकी काय आहे ते लिहून घ्या

प्रत्येकाला विचारा: कोणतं काम अडतं? वेबसाइट उघडायला वेळ लागतो, की टॅलीत व्हाउचर सेव्ह व्हायला? प्रिंट उशिरा निघते, की शेअर्ड फोल्डरमधली एक्सेल फाइल उघडत नाही? हा त्रास सगळ्यांना आहे की एकाच टेबलावर? दिवसभर की ठरावीक वेळेला?

एकाच टेबलाची तक्रार असेल तर थेट चौथ्या पायरीवर जा, बहुधा वायरच आहे. टॅली आणि शेअर्ड फोल्डर अडतात पण वेबसाइट बऱ्या चालतात, असं असेल तर दोष आत आहे. एकच सरकारी पोर्टल हळू असेल तर तीच साइट मोबाइलच्या डेटावर उघडून बघा. तिथेही तसंच असेल तर तुमच्या नेटवर्कला हात लावू नका. दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांसाठी ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी ची शेवटची मुदत असते. त्या दिवशी सगळा देश एकाच दारात उभा असतो, म्हणून नेटवर्कची तपासणी त्या दिवशी करूच नका.

२. दोष आत की बाहेर, ते ठरवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला एक पैसा लागत नाही.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो पत्ता दिसेल तो तुमच्या राउटरचा. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता पिंग, जागा, तो पत्ता, पुन्हा जागा, वजा चिन्ह आणि टी, असं टाइप करा. पिंग त्या पत्त्याला पुन्हा पुन्हा हाक मारतं आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवतं. दुसरी खिडकी उघडून तिथे पत्त्याच्या जागी ८.८.८.८ द्या. हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता आहे. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा आणि ऑफिसचं काम नेहमीसारखं चालू असताना निदान पंधरा-वीस मिनिटं बघा. कंट्रोल आणि सी दाबलं की पिंग थांबतं आणि किती उत्तरं हरवली तो हिशेब दिसतो.

वायरने जोडलेल्या मशिनवर राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं आणि एकही उत्तर हरवायला नको. वायफायवर काही मिलिसेकंद लागतात, मधूनच एखादी उडी दिसते, ते चालतं. मात्र वायरवर असूनही राउटरचंच उत्तर कधी १, कधी ८०, कधी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असं येत असेल, तर दोष ऑफिसच्या आत आहे. राउटर शांत आणि फक्त ८.८.८.८ उड्या मारतंय, तर एकतर बाहेरची लाइन खराब आहे किंवा ऑफिसातलंच कोणीतरी ती पूर्ण भरून टाकतंय. तो भाग आठव्या पायरीत आहे.

दोन्ही खिडक्या ठीक दिसल्या म्हणून लगेच सगळं ठीक मानू नका. पिंगमध्ये अगदी थोडा डेटा जातो. बारीक वाट त्याला पुरते, टॅलीला पुरत नाही.

३. वेग मोजा, पण नीट मोजा

मोबाइलवर स्पीड टेस्ट घेऊन कंपनीशी भांडू नका, तिथे तुम्ही वायफायसुद्धा मोजत असता. ऑफिस सुटल्यावर इंटरनेटची आणि विजेची सोडून राउटरच्या बाकी सगळ्या वायरी काढा, वायफाय बंद करा, लॅपटॉप चांगल्या पॅच कॉर्डने थेट राउटरला लावा आणि मग टेस्ट घ्या.

प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल कॉपी होताना विंडोज मेगाबाइट दाखवतं. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला साधारण ११-१२ मेगाबाइटने उतरत असेल तर लाइन पूर्ण मिळते आहे, कोणी फसवलेलं नाही.

आता नेहमीचा सापळा. प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि टेस्ट प्रत्येक वेळी ९३-९५ वर येऊन थांबते. तसं दिसलं तर मधे कुठेतरी १०० चा पोर्ट आहे किंवा वायर अर्धीच जोडलेली आहे. कित्येक स्वस्त राउटरवर वायफायचा वेग मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि मागचे लॅन पोर्ट मात्र १०० चेच असतात. राउटरचा मॉडेल नंबर शोधून पोर्ट '१०/१००' आहेत की '१०/१००/१०००', ते आधी पाहा.

४. वायरींचा नकाशा काढा आणि लिंकचा वेग पाहा

वहीत राउटर काढा, तिथून निघणारी प्रत्येक वायर कुठे जाते ते शोधा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर एकच नंबर लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण टेबलाखाली वाकून पाहिल्याशिवाय खरा प्रकार कळत नाही. फाइलींच्या गठ्ठ्यामागे कोणीतरी कधीकाळी लावलेला जुना पाच पोर्टचा स्विच सापडतो, त्याच्यापुढे तीन मशिन असतात आणि त्यातलं एक नेमकं टॅलीचं असतं.

मग प्रत्येक मशिनवर विंडोज आणि आर एकत्र दाबा, एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करा आणि इथरनेटवर दोनदा क्लिक करा. 'स्पीड'समोर १.० जीबीपीएस दिसलं तर उत्तम. १०० एमबीपीएस दिसलं तर त्या वायरीजवळ खूण करा. १० दिसलं तर ती वायर आजच बदला.

१०० च्या इथरनेटला वायरीतल्या आठपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे कनेक्टरमध्ये ४, ५, ७ किंवा ८ नंबरची एखादी तार नीट बसली नाही, तर नेटवर्क बंद पडत नाही, मुकाट्याने १०० वर उतरतं. काम चालू असतं म्हणून कोणी तपासत नाही आणि असं वर्षानुवर्षं चालतं. लॅन टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात का ते बघा. एखादा लागत नसेल तर टोक कापून नवा कनेक्टर लावा. रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. तारांच्या जोड्यांचे पीळ कनेक्टरच्या अगदी जवळपर्यंत राहू द्या, लांबवर उलगडून ठेवू नका.

टेस्टर पास झाला, तरी लिंक १०० वरच राहत असेल किंवा मधूनच तुटत असेल, तर वायरीचा धातू बघा. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत रुपेरी दिसलं तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर आहे. दुकानात ती 'सीसीए' म्हणून मिळते आणि स्वस्त असते. ती ठिसूळ असते, टोकाशी तुटते आणि लांब अंतरावर सिग्नल घालवते. नवी वायर घेताना "प्युअर कॉपर, कॅट ६" असं स्पष्ट सांगा आणि दुकानातच टोक खरवडून बघा. वायर एका सलग तुकड्यात १०० मीटरपेक्षा लांब नको. मधे तारा पिळून टेप गुंडाळलेला जोड तर अजिबात नको.

विजेच्या वायरींच्याच केसिंग पट्टीतून लॅन वायर नेलेली असेल तर ती वेगळी काढा. सिग्नल बिघडतोच, शिवाय ते धोक्याचं आहे. दोन इमारतींमध्ये, गच्चीवरून किंवा गॅलरीबाहेरून तांब्याची वायर टाकली असेल, तर पावसाळ्यात विजेच्या कडकडाटात दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. तिथे फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन वायर जोडणारा डबा) लावा.

पडताळणीसाठी १ जीबीची एक फाइल टॅलीच्या मशिनवरून आपल्याकडे कॉपी करा. १०० च्या लिंकवर दीड मिनिटाच्या आसपास लागतं, गिगाबिटवर दहा-पंधरा सेकंद.

आणखी एक धोका. नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स' हाताने बदलू नका. ते ऑटोवरच राहू द्या. एका टोकाला सक्तीचा वेग आणि दुसऱ्याला ऑटो असेल तर दोघांचं जमत नाही आणि नेटवर्क कमालीचं रेंगाळतं.

५. स्विच आणि जुने राउटर

नकाशावर राउटरपासून स्विच, त्याच्यापुढे स्विच, त्याच्यापुढे आणखी एक, अशी माळ दिसली तर ती मोडा. सोळा पोर्टचा एकच गिगाबिट स्विच मध्यभागी ठेवा आणि शक्य तेवढ्या वायरी थेट त्याच्यात आणा. टॅलीचं मशिन तर हमखास याच स्विचमध्ये. खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च हा करा. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या.

साफसफाईनंतर अचानक सगळं ऑफिस ठप्प झालं, स्विचचे सगळे दिवे एका लयीत वेड्यासारखे लुकलुकतायत, तर लूप झालाय. लोंबणाऱ्या वायरीचं मोकळं टोक कोणीतरी चांगल्या हेतूने त्याच स्विचमध्ये खोचलेलं असतं. साध्या स्विचला हे ओळखता येत नाही आणि तोच डेटा गोल-गोल फिरत राहतो. एकेक वायर काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील ती दोषी.

जुना राउटर स्विच म्हणून वापरला असेल तर त्याच्यातलं डीएचसीपी, म्हणजे मशिनना आपोआप पत्ते वाटण्याची सोय, बंद केलंय का ते बघा. चालू असेल तर दोन राउटर दोन वेगळे पत्ते वाटत बसतात. मग काही मशिनना प्रिंटर दिसतो, काहींना नाही, आणि रोज सकाळी नशीब बदलतं. ओळखायची खूण अशी की सगळ्या मशिनवरचा डिफॉल्ट गेटवे सारखा नसतो. डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या आणि मुख्य वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची वायर लावायच्या जागी) न लावता लॅन पोर्टमध्ये लावा.

प्रिंटरला राउटरमधून कायमचा पत्ता राखून ठेवा. प्रिंट अडकण्याच्या तक्रारी बऱ्याच कमी होतात.

६. वायफाय

जे मशिन टेबलावरून हलत नाही त्याला वायर द्या. वायफाय मोबाइल आणि लॅपटॉपसाठी ठेवा. वायफायची हवा सगळ्यांची सामाईक असते. दूरच्या केबिनमधला एक जुना लॅपटॉप कमकुवत सिग्नलवर मोठी फाइल ओढत बसला की राउटरजवळच्यांनाही थांबावं लागतं.

राउटर लोखंडी कपाटामागून, फॉल्स सीलिंगच्या आतून आणि मायक्रोवेव्हशेजारून हलवा. मोकळ्यावर, उंचावर, ऑफिसच्या मध्याजवळ ठेवा. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत एका राउटरवर दोन खोल्या निघणं कठीण असतं. तिथे दुसऱ्या खोलीत वायर नेऊन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीवरून वायफाय देणारा डबा, बसवा. हवेतलाच सिग्नल पुढे पाठवणारा स्वस्त रिपीटर घेऊ नका. तो एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. कांड्या पूर्ण दिसतात आणि काम मात्र होत नाही.

२.४ गीगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी सर्वांत कमी व्यापलेलं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधलं ३ किंवा ८ निवडलं तर दोन्हीकडच्यांचा त्रास होतो. जवळच्या लॅपटॉपना ५ गीगाहर्ट्झवर घ्या. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय ठेवा.

७. टॅली आणि शेअर्ड फोल्डर

इथपर्यंत वायर गिगाबिट झाली असेल, तरी टॅली हळूच असेल, तर डेटा ठेवलेलं मशिन तपासा. त्यात जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर बॅकअप घेऊन एसएसडी बसवा. बाकी कशानेही इतका फरक पडत नाही. ते मशिन वायरनेच जोडलेलं हवं, स्लीप मोड बंद हवा, आणि शक्यतो त्यावर कोणी दिवसभर ब्राउझरच्या वीस टॅब उघडून बसू नये.

अँटिव्हायरस टॅलीच्या डेटा फोल्डरमधली प्रत्येक फाइल दरवेळी तपासत असेल तर तेवढं एक फोल्डर वगळा. फक्त तेवढंच, पूर्ण ड्राइव्ह नाही, आणि त्या मशिनवर पेनड्राइव्ह लावायची सवय बंद करा. कित्येक वर्षांचा डेटा एकाच कंपनीत साठला असेल तर टॅलीतच आर्थिक वर्षानुसार स्प्लिट करता येतो. आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशिनवर उघडून बघा, मगच स्प्लिटला हात घाला.

लॅपटॉपवरून वायफायने टॅली चालवणं भागच असेल, तर वायरवरच्या एखाद्या मशिनला रिमोट डेस्कटॉपने जोडा. मग हवेतून फक्त पडद्याचं चित्र येतं, डेटा वायरीवरच राहतो. त्या मशिनवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही.

८. लाइन कोण खातंय ते शोधा

सगळे डाउनलोडकडे बघतात, पण ऑफिस ठप्प करतं ते अपलोड. एखादं मशिन वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर मोठं फोल्डर चढवायला लागलं की अपलोडची वाट भरते आणि इतरांच्या छोट्या विनंत्याही रांगेत अडकतात. ८.८.८.८ चं पिंग चालू ठेवून ते सिंक थांबवा. आकडे लगेच खाली आले तर चोर सापडला. दोन्ही सेवांच्या सेटिंगमध्ये अपलोडवर मर्यादा घालता येते, ती घाला आणि मोठा बॅकअप रात्री लावा.

कोणतं ॲप किती डेटा ओढतंय ते टास्क मॅनेजर आणि रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसतं. विंडोज अपडेटच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये 'लोकल नेटवर्कवरची उपकरणं' एवढंच चालू ठेवा. मग एका मशिनने उतरवलेलं अपडेट बाकीच्यांना ऑफिसातूनच मिळतं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जात असेल तर ते दिवसभर अपलोड खातं. शक्य असेल तर ऑफिसातल्याच डीव्हीआरवर ठेवा. कर्मचाऱ्यांचे फोन दुपारी फोटोंचा बॅकअप घेत असतील तर त्यांना गेस्ट वायफायवर हलवून त्याला वेगाची मर्यादा घाला.

साइट सुरू व्हायला वेळ लागतो पण एकदा सुरू झाली की झटपट उघडते, असं असेल तर राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून पाहा.

९. आता इंटरनेट कंपनीला फोन करा

राउटरचं पिंग स्वच्छ, अपलोड मोकळं, लॅपटॉप थेट जोडलेला, आणि तरीही बाहेरचं पिंग उड्या मारतंय, तेव्हाच. सकाळ, दुपार, संध्याकाळचे आकडे वहीतून वाचून दाखवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. असे आकडे ऐकवले की "राउटर बंद करून चालू करा" यावर बोलणं थांबत नाही.

माणूस आला की फायबरच्या डब्याला येणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजायला सांगा. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या जवळ गेली असेल तर कनेक्टर साफ करून किंवा नवा जोड मारून घ्यायलाच हवा. त्याआधी कपाटामागे फायबर कुठे काटकोनात दुमडली आहे का ते स्वतः पाहून घ्या, कारण तेवढ्यानेही प्रकाश घटतो. दुरुस्तीनंतरचा आकडा तारखेसह डब्यावरच्या चिकटपट्टीवर लिहून ठेवा.